खलपुरुषाचे गाणे

आम्ही गायनातले जाणकार नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण ग्रंथालयात आणि जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर झाले. तरीही येथे जळगाव जामोदला गाण्यावर बोलावयास उभे आहोत, कारण चळवळीत आम्ही गाणी पुष्कळ म्हटली. माणूस बदलू लागला की आधी त्याच्या गाण्यातले शब्द बदलतात, हे मात्र फार उशिरा ध्यानात आले.

खलपुरुष भाषण करतो तेव्हा बहुधा दुसऱ्याला फसवीत असतो. गातो तेव्हा मनातले बोलून जातो. म्हणून त्याचा चढउतार पाहावयाचा तर तीन गोष्टी तपासाव्यात. पदाचा कर्ता ‘आम्ही’ आहे की ‘मी’? आज्ञा कोणाला सुटते? आणि पूर्वीचा कोणता शब्द गळाला?

आपल्याकडचे उदाहरण पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’चे. हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. दारव्हेकर नागपूरचे, खाँसाहेब आफताब हुसेन साकारणारे वसंतराव देशपांडे आपल्या वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरचे, लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करीत गाणे जपलेले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. पंडित भानुशंकरांवर मात करून खाँसाहेब राजगायक होतात आणि पंडितांच्याच हवेलीत येतात. तेथे त्यांच्या तोंडी असलेले पद त्या वास्तूतल्या जुन्या, हळव्या सुरांना निघून जावयास सांगते. जिंकलेल्या माणसाला हरलेल्याचा भिंतींत मुरलेला आवाजही खपत नाही! दुसऱ्या पदात ते सूर्याला आळवतात. वरवर ती स्तुती. पण आकाशाच्या एकट्या राजाचे वर्णन गाणाऱ्याच्या मनात कोणासाठी आहे, हे ऐकणाऱ्यास कळते. ‘घेई छंद मकरंद’चे शब्द तर दोन्ही घराण्यांच्या ढंगांत येतात. एकाच्या गळ्यात ती ओढ होते, दुसऱ्याच्या गळ्यात सामर्थ्य. म्हणजे शब्दांबरोबर ते कोण उच्चारतो, हेही पाहिले पाहिजे. एक खून माफ असलेली कट्यार जवळ असूनही, चोरून विद्या घेणाऱ्या सदाशिवावरचा वार अखेर विद्येपुढेच थांबतो. अशा माणसाला निखळ खल म्हणावे तरी कसे?

हीच युक्ती मुलांच्या दूरचित्रवाणीवरील चित्रमालिकांतही आहे. ‘अ‍ॅडव्हेंचर टाइम’ ही अमेरिकी मालिका २०१० साली सुरू झाली. तिच्यातला आइस किंग राजकन्या पळवितो, मुले त्याला हसतात. २०१२च्या एका भागात तो मार्सेलीनकडे काही जुने कागद घेऊन येतो आणि त्यांवरून गाणे रचू पाहतो. ते कागद म्हणजे त्यानेच, मुकुटाने बुद्धी हिरावण्यापूर्वी, लहानग्या मार्सेलीनला लिहिलेला मजकूर असतो. शब्द त्याचे, पण अर्थ आता तिलाच कळतो. तो वाईट कसा झाला हे दहा संवादांनी सांगितले नसते, ते एका गाण्याने सांगितले.

आता आमची गोष्ट. आमचा एक सहकारी उत्तम गाणी रचीत असे. पहिल्या गाण्यांत हमाल होते, सरकी होती, फुप्फुसात जाणारी रुईची धूळ होती, आणि कर्ता होता ‘आपण’. एक संप जिंकल्यावर ‘माझ्यामागे या’ आले. मग प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्याचे नाव येऊ लागले. हमाल आणि सरकी गळाली. त्यानंतर एके दिवशी त्याने मजुरांना न विचारता करारावर सही केली. मजुरांच्या पदरी काय पडले, ते सांगावयास नकोच.

आम्ही त्याला पुष्कळ शिव्या दिल्या. पण त्या प्रत्येक नव्या गाण्याला टाळ धरणारे आम्हीच होतो. चाल चांगली होती, म्हणून शब्दांकडे कान दिला नाही. खलपुरुष एकटा घडत नाही. त्याच्या ध्रुपदाला साथ लागते. तेव्हा नाटकात, चित्रमालिकेत किंवा सभेत गाणे ऐकाल, तेव्हा ताल जरूर धरा. पण त्यात ‘आपण’ अजून आहे ना, एवढे पाहून धरा.