पाणी जमिनीला की माणसाला?

सक्करदऱ्याची ओळख जुन्या नागपूरकरांना करून द्यावयास नको. भोसल्यांच्या काळातील तलाव, त्यांचा राजवाडा आणि तेथे काही काळ वास्तव्य केलेले ताजुद्दीनबाबा यांच्यामुळे, एके काळी शहराबाहेर असलेले हे खेडे दूरवर माहीत झाले. आज त्या तलावाच्या चारी बाजूंनी नगर पसरले आहे आणि त्याच्या डोक्यावर जलकुंभ उभे आहेत. पेंच आणि कन्हान यांचे पाणी शुद्ध करून इतक्या लांबून आणावे व एवढ्या उंचीवर चढवावे, एवढे स्थापत्यशास्त्र आपल्याला साधले आहे. परंतु टाकीपासून झोपडीच्या दारापर्यंतचे शेवटचे काही शे पावलांचे अंतर पुष्कळदा स्थापत्याचे नसते. ते सातबाऱ्याचे आणि नकाशाचे असते.

नागपूरची जमीन हे एक वेगळेच शास्त्र आहे. कोठे नझूल, कोठे सुधार प्रन्यासाची, कोठे रेल्वेची, कोठे कागदोपत्री झुडपी जंगल. आणि उरलेल्या भागात शेते तोडून पाडलेले अनधिकृत अभिन्यास, जे 2001 च्या गुंठेवारी कायद्याने नियमित करण्याची खटपट अद्याप चालू आहे. मजूर, रिक्षावाले, धुणीभांडी करणाऱ्या बाया यांनी जेथे जागा मिळाली तेथे घर उभे केले. जमीन कोणाची हे त्यांनी विचारले नाही, हे खरे. पण ज्यांच्या घरी ते कामाला जात होते, त्यांनी तरी कोठे विचारले?

नगरात पाण्याची सोय करणारी यंत्रणा मात्र पहिला प्रश्न हाच विचारते. वस्ती घोषित आहे काय? जागा कोणाची? ना-हरकत पत्र कोठे आहे? ही विचारणा कायद्याला धरून आहे, त्यात कोणाचा दुष्टपणा नाही. तथापि, महात्मा फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला आणि 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळ भरली, तेव्हाही प्रश्न पाण्याच्या तुटवड्याचा नव्हता. तळे भरलेलेच होते. पाण्यापर्यंत जाण्याची पात्रता कोणाची, एवढाच वाद होता. त्या काळी पात्रता जातीवर ठरे. आज ती भूखंडावर ठरते. दीक्षाभूमीच्या नगरीने तरी हे साम्य ओळखावयास हवे.

न्यायालयांनी ते ओळखले आहे. रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पैसा नाही या सबबीवर नगरपालिकेला गटारे व शौचकूप बांधण्याचे कर्तव्य टाळता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे 2014 च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, बेकायदा झोपडीत राहणाऱ्यालाही पिण्याच्या पाण्यापासून सर्वस्वी वंचित ठेवता येत नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. अधिकृत रहिवाशाच्या बरोबरीने पाणी मागण्याचा हक्क त्यांना नाही, हेही न्यायालयाने नमूद केले. पण काहीतरी व्यवस्था केलीच पाहिजे, असे बजावले. नळ दिला म्हणजे जमीन दिली असे होत नाही. ‘पाणी दिले की अतिक्रमण पक्के होते’ या नेहमीच्या आक्षेपाला याहून सरळ उत्तर नाही.

आता थोडे अंकगणित. केंद्र शासनाच्या 1999 सालच्या पाणीपुरवठा पुस्तिकेत भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज 135 लिटर पाणी धरले होते, आणि सार्वजनिक नळावर भरणाऱ्यासाठी 40 लिटर. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाला एकीकडे 675 लिटर, दुसरीकडे 200. हे दोनशे लिटर पंधरा लिटरच्या गुंडाने वाहून आणावयाचे तर चौदा खेपा होतात. आणि त्या बहुधा घरातील बाईच्या किंवा शाळेच्या वयाच्या मुलीच्या डोक्यावरून होतात. जे शिक्षक हे वाचत असतील, त्यांनी सकाळच्या पाळीच्या हजेरीपटावर एकदा या दृष्टीने नजर टाकावी.

नागपुरात धरमपेठेतील प्रयोगानंतर 2012 पासून साऱ्या शहराचा पुरवठा पंचवीस वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आला आणि चोवीस तास पाण्याचे उद्दिष्ट ठरले. या योजनेवर वादंग पुष्कळ झाले. पण ‘गरिबांना चोवीस तास पाणी कशाला, तासभर पुरे’ हा जो सूर त्यात ऐकू येई, तो मुळातच उफराटा आहे. ज्याच्या अंगणात भूमिगत टाकी व गच्चीवर दुसरी आहे, त्याच्या घरी तासभर आलेले पाणी दिवसभर पुरते. शिवाय हाताशी टिल्लू पंप असतो, तो शेजाऱ्याच्या वाट्याचेही ओढून घेतो. चोवीस तासांची गरज ज्याच्याजवळ एक पिंप आहे त्यालाच अधिक. दुसरेही एक कारण आहे. पुरवठा थांबला की नळवाहिनीतील दाब ओसरतो आणि शेजारून जाणाऱ्या गडरलाइनचे पाणी फुटक्या सांध्यांतून आत शिरते. पाण्याची पहिली धार गढूळ येते ती यामुळे. आणि पावसाळ्यात कावीळ व हगवण यांना वाट मिळते तीही यामुळेच.

पाण्याचा विचार येथेच संपवून चालत नाही. घरात आलेली प्रत्येक बादली बाहेर जावयाचीच. 2017 मध्ये महाराष्ट्राची शहरे हागणदारीमुक्त घोषित झाली, संडास पुष्कळ बांधले गेले. पण संडासाखालचे मैले कोठे जाते, हा प्रश्न घोषणेत बसत नव्हता. जेथे मलवाहिनी नाही तेथे ते नाल्यात जाते, नाल्यातून नाग नदीत, तेथून कन्हान-वैनगंगेच्या मार्गाने गोसेखुर्दच्या जलाशयात. आणि चेंबर तुंबले तर त्यात उतरविला जाणारा माणूस याच वस्त्यांतला असतो. हाताने मैला उपसण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरीही असे मृत्यू घडत राहिले, म्हणून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर न्यावी लागली.

सत्ताधाऱ्यांच्या नाकाला झोंबल्यावाचून गटारांकडे लक्ष जात नाही, असा जगाचा अनुभव आहे. लंडनमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसे मेली तरी काम रखडले होते; 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली, तेव्हा काही आठवड्यांत कायदा झाला. आपल्याकडेही 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडली आणि नाग नदीचे पाणी सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत चढले. नाल्याकाठच्या झोपड्यांना हा अनुभव दर पावसाळ्याचा.

भांडेवाडीला शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला विकत दिले जाते. नागपूरने देशापुढे ठेवलेला हा खरोखरच चांगला धडा आहे. म्हणजे शहराच्या मैल्यालाही आता किंमत आहे. तेव्हा महापालिकेने दरवर्षीच्या अंदाजपत्रकाबरोबर एक साधा तक्ता जोडावा: प्रत्येक वस्तीचे नाव, तेथील घरे किती, नळ किती घरांत, पाणी किती तास, आणि किती संडास मलवाहिनीला जोडलेले. जमिनीच्या मालकीचा रकाना त्या तक्त्यात ठेवू नये.