गिलबोआच्या डोंगरावर एक दिवस



मार्च महिन्यात आम्ही तीन कुटुंबांनी गिलबोआच्या डोंगररांगेवर टियुल काढली. सर्वांत लहान भिडू ९ वर्षांचा, सर्वांत थोर आजोबा ७४ वर्षांचे! बेत असा, की सकाळी कातेफ शाऊलहून निघायचं, मग हार बरकान आणि शेवटी मल्कीशुआ. शौल राजा आणि त्याचे पुत्र योनाथान, अबीनादाब, मलकीशुवा याच डोंगरावर पलिष्ट्यांशी लढताना पडले, हे १ शमुवेल ३१ मध्ये आपण वाचतो. इथल्या काही शिखरांना त्यांचीच नावं आहेत.

वाटेचं सांगायचं तर खुणा चांगल्या आहेत. दगडावर तीन पट्टे असतात, दोन्ही बाजूंना पांढरा आणि मधे रंग. मुलांनो, लक्षात ठेवा, लाल म्हणजे कठीण आणि हिरवा म्हणजे सोपा असं मुळीच नाही! रंग फक्त वाट ओळखण्यासाठी असतो. गुरांसाठी तारेची फाटकं लागतात. उघडलंत तर मागे बंद करा.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि तिथेच आमचं चुकलं. कोकणातल्या लाल चिखलात पाय घसरतो, पण इथली माती चिकणी, ती बुटाला धरून बसते. शंभर पावलांत एकेक बूट दगडासारखा जड झाला. चुनखडीचे गुळगुळीत झालेले दगड तर ओले असले की साबणच. आजोबा काठी टेकीत म्हणाले, "अलिबागेला आम्ही अनवाणी चालायचो, तेच बरं होतं!"

बरकान ४९७ मीटर उंच. खाली बेथ शेआनचं खोरं समुद्रसपाटीपेक्षा शंभराहून जास्त मीटर खाली आहे, म्हणून डोंगर आहे त्याहून उंच वाटतो. तिथे जांभळी गिलबोआ आयरिस फुलली होती. मुलं धावली, पण एकानेही फूल तोडलं नाही. हे फूल संरक्षित आहे.

पोहे खाऊन झाले तेव्हा दीड वाजला होता. पुढची वाट उतरून एका ओल्या घळीतून जात होती. दोन मुलं दमलेली, पाणी निम्म्याहून कमी. आम्ही परत फिरायचं ठरवलं. आजोबा गप्प झाले. मलकीशुवाच्या शिखरावर उभं राहून तो अध्याय वाचायचा, असं त्यांनी किती वर्षं मनात धरलं होतं. चार जणांनी पुढे जावं असंही कुणी सुचवलं, पण आम्ही फुटलो नाही.

तेव्हा लहानगा म्हणाला, "सबा, इथूनच वाचा ना, तिकडे बघून." आजोबांनी पिशवीतून मराठी पवित्र शास्त्र काढलं. समोरच्या शिखराकडे तोंड करून त्यांनी अध्याय वाचला. मुलांना अर्धी मराठी कळली, अर्धी आम्ही इव्रीतून सांगितली.

जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: पावसानंतर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या. माणशी तीन लिटर पाणी न्या. परतायची वेळ आधीच ठरवा आणि ती पाळा. वडीलधाऱ्यांना काठी द्या, आणि चालताना सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा.

मल्कीशुआ अजून बाकी आहे. आजोबांनी काठी धुऊन दाराशी ठेवली आहे.