लांब पल्ल्याच्या गाड्या

मुंबईहून येताना मनोरला अहमदाबाद महामार्ग सोडला की विक्रमगडपर्यंत रस्ता साधाच आहे. पुढे जव्हारचा घाट लागतो, मग मोखाडा, तोरंगणचा घाट, त्र्यंबकेश्वर आणि नाशिक. ज्याला गाडी चालवण्यात आनंद वाटतो त्याने दिवाळीच्या सुमारास, खड्डे बुजल्यावर, कसाऱ्याचा घाट टाळून हाच रस्ता धरावा. चढ, वळण, माळावरचा सरळ तुकडा, पुन्हा वळण. युरोपात ‘ग्रँड टूरिंग’ किंवा जीटी गाड्या जन्मल्या त्या अशाच रस्त्यांसाठी. दोन माणसे, त्यांचे सामान, दमदार इंजिन, आणि दिवसभर चालवूनही अंग मोडून येऊ नये अशी बैठक, एवढीच त्यांची मूळ कल्पना.

जव्हारचे शेवटचे संस्थानिक यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. त्यांच्या पिढीने विमानाचा वेग अनुभवला होता आणि युद्धानंतरच्या ब्रिटिश गाड्यांमध्ये तोच अनुभव उतरला. ब्रिस्टल या विमान कंपनीने युद्ध संपताच मोटारी बनवायला घेतल्या. त्याच कंपनीत काम केलेल्या माल्कम सेयर यांनी पुढे जॅग्वार ई-टाइपचा आकार गणिताने, हवेचा प्रवाह मांडून काढला. गिअर बनवणाऱ्या डेव्हिड ब्राऊन यांनी १९४७मध्ये ॲस्टन मार्टिन विकत घेतली, पाठोपाठ लगोंडाही. लगोंडामुळे डब्ल्यू. ओ. बेंटले यांच्या देखरेखीखाली तयार झालेले सहा सिलिंडरचे इंजिन त्यांच्या हाती आले, आणि त्यावर १९५०ची डीबी२ उभी राहिली. १९५२च्या बेंटले कॉन्टिनेंटलला ॲल्युमिनियमची हलकी बॉडी होती. चार माणसांना घेऊन ती ताशी १६० किलोमीटरने आरामात धावे. अशा अवघ्या २०८ गाड्या बनल्या.

आपल्याकडे मात्र तेव्हा दार बंद होत होते. परकीय चलनाची चणचण होती, देशी उद्योग उभा करायचा होता. मुंबईत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धातच गाशा गुंडाळला. जीटी गाड्यांचा बहर त्यानंतरचा, म्हणून संस्थानिकांच्या गॅरेजमधल्या युद्धापूर्वीच्या रोल्स-रॉइस आपल्याला ठाऊक आहेत, पण ॲस्टन मार्टिन पाहिलेला माणूस विरळा.

आता किमती पाहा. ई-टाइप मार्च १९६१मध्ये जिनिव्हात दाखवली गेली, तेव्हा ब्रिटनमध्ये ती साधारण २,१०० पौंडांना होती. आज पहिल्या मालिकेची उत्तम गाडी लाखभर पौंडांच्या घरात जाते. १९६३ ते १९६५ या काळात ॲस्टन मार्टिन डीबी५ जेमतेम हजारभर बनल्या. ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटाच्या चित्रीकरणातली एक गाडी २०१०मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे २६ लाख पौंडांना गेली. डीबी४ जीटी झगाटो तर मोजून वीसच्या आत-बाहेर; त्यातल्या एकीला २०१५मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे १ कोटी ४३ लाख डॉलर मिळाले.

ही चढण सरळ नव्हती. १९८०च्या दशकाच्या शेवटी भाव असेच भडकले आणि १९९०नंतर कोसळले. २००८नंतर व्याजदर तळाला गेले तसा पैसा पुन्हा इकडे वळला. त्यात ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या विक्रीतल्या नफ्यावर भांडवली नफा कर नाही, आणि चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रस्ताकरही माफ आहे. साधी माणसे ज्या गाडीवर प्रेम करत होती, ती अशा रीतीने तिजोरीतली ठेव झाली. मला याचे खरोखर वाईट वाटते. शे-दोनशे किलोमीटर सलग पळावे म्हणून बनवलेले यंत्र वातानुकूलित खोलीत झाकून ठेवायचे, कारण मीटरवर वाढलेला प्रत्येक किलोमीटर किंमत खाली आणतो!

पण सगळ्याच जीटी गाड्या अशा अडकलेल्या नाहीत, आणि त्यांचे आपल्याशी नातेही आहे. एमजीबी जीटी १९६५मध्ये आली, मागच्या छताची रेषा पिनिनफरिना या इटालियन डिझाइन संस्थेची. १९८०पर्यंत अशा सव्वा लाख गाड्या बनल्या, म्हणून आजही ती दहा-बारा हजार पौंडांत चांगली मिळते. तिचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सीरीजचे, म्हणजे आपल्या अ‍ॅम्बॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाचेच कूळ. ट्रायम्फ जीटी६ ज्या चॅसिसवर बेतली, ती हेराल्डची. आणि हेराल्ड १९६१पासून मद्रासला बनत होती.

जुन्या अ‍ॅम्बॅसिडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला एसयू कार्बोरेटर समजावून सांगावा लागत नाही. एअर फिल्टर काढायचा, आतला पिस्टन बोटाने वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. तो अडखळत आला तर जेट मध्यावर नाही. सरळ खाली येऊन ‘टक्’ वाजला तर ठीक. मग वरची टोपी फिरवून पातळ तेलाचे थेंब सोडायचे, म्हणजे एकदम ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिन गुदमरत नाही. डीबी५वर असे तीन कार्बोरेटर असतात, पण परीक्षा हीच. कोट्यवधींच्या गाडीचा श्वास तपासण्याची ही विद्या महाराष्ट्राच्या कितीतरी गॅरेजांत अनेक दशके रोजच्या वापरात होती. ते मिस्त्री आता थकले आहेत, आणि त्यांच्याकडून शिकून घेण्याची घाई कोणाला दिसत नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळे नियम केले, ही चांगली गोष्ट झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची एमजीबी जीटीही आता या वयात आली आहे. पण अशी गाडी रस्त्यावर कशासाठी आणता येईल याची यादी आखूड आहे: प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती. रोजच्या वापराला मनाई समजण्याजोगी आहे. जुन्या इंजिनाचा धूर रोज शहरात नको. तरी वर्षातून ठरावीक दिवस, परवाना काढून, विमा उतरवून लांबच्या प्रवासाला मुभा देणे अवघड नाही. लोणावळ्याच्या गर्दीपेक्षा मनोर–जव्हार–मोखाडा–त्र्यंबक या रस्त्याने अशी सुरुवात करावी. इथे वाहने कमी आहेत, चढ इंजिनाची खरी कसोटी घेणारे आहेत, आणि जव्हारच्या खानावळींना व गॅरेजांना चार पैसे मिळतील.