न केलेली सही

परवा मुलगा आणि नातू सुट्टीला आले, म्हणून पुन्हा एकदा नळदुर्गचा किल्ला पाहिला. बोरी नदी भरून वाहत होती. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये बांधलेल्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळत होते. बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात आम्ही उभे राहिलो. समोर पाण्याचा पडदा, कानठळ्या बसवणारा आवाज आणि आत आपण कोरडे! चौदा वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, वादळात जहाजावर असंच वाटत असेल?"

मुलगा काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी त्याला व्यापारी जहाजावर जायचे होते. तो सतराचा होता. अर्जावर पालकाची सही हवी होती. मी बँकेतला अधिकारी. दिवसभर सह्या करणाऱ्या माझ्या हाताने तेवढी एक सही केली नाही. समुद्राला तारण कोण देणार, असे मी विचारले होते.

पुढे डूगल रॉबर्टसन यांचे पुस्तक हाती आले. इंग्लंडमध्ये गाईगुरे सांभाळणारा हा शेतकरी पूर्वी व्यापारी जहाजांवर होता. शेती विकून, 'ल्युसेट' ही शिडाची जुनी नौका घेऊन १९७१ मध्ये तो बायकामुलांसह निघाला. १५ जून १९७२ रोजी गालापागोस बेटांच्या पश्चिमेला किलर व्हेलच्या धडकांनी नौका पाहता पाहता बुडाली. वाचले सहाजण: नवराबायको, अठरा वर्षांचा डग्लस, धाकटे जुळे भाऊ आणि एक तरुण सोबती. सतरा दिवसांत रबरी तराफा निकामी झाला. उरली जेमतेम नऊ फुटांची होडी. एकाने कूस बदलली तरी पाणी आत येई.

गोडे पाणी थोडे. मागे फिरावे तर वारा उलटा. रॉबर्टसनने होडी हाकली ती पावसाच्या पट्ट्याकडे. मराठवाड्यातल्या माणसाला हा निर्णय समजावून सांगायला नको! पाऊस मिळाला, तशी वादळेही मिळाली. अंधारात बाप आणि मुलगा पाणी उपसत राहिले. कासवे धरून खाल्ली, त्यांचे रक्तही प्याले. अडतिसाव्या दिवशी जपानी मासेमारी जहाज 'तोका मारू' दिसले. सहाही जण जिवंत परतले.

वाचून प्रथम वाटले, माझेच बरोबर होते. पोटच्या पोरांना असे कुणी संकटात घालते? पण मन तिथे थांबेना. आपल्या मुलाच्या मनगटात काय आहे, ते त्या बापाने डोळ्यांनी पाहिले. माझ्या मुलाला मी कोरडे ठेवले, आणि ते पाहायचे राहूनच गेले.

पाणीमहालाच्या ओल्या पायऱ्या चढताना मी म्हणालो, "त्या कागदावर सही करायला हवी होती."

मुलगा थोडा थांबला. "बाबा, सहीचं जाऊ द्या. मला भीती वाटते का, एवढं तरी विचारायचं होतंत. मलाही वाटतच होती."

मग त्याने माझा दंड धरला. नातू केव्हाच वर पोचला होता.