इनबॉक्सची शिस्त : शासकीय दप्तराच्या सहा गठ्ठ्यांतून मिळणारा धडा

रांझी (जबलपूर) : जबलपूर शहराचे रांझी हे उपनगर संरक्षण सामग्रीच्या कारखान्यांमुळे देशभर ओळखले जाते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याचे ४१ कारखाने सात शासकीय कंपन्यांत विभागले गेले. त्यानुसार येथील वाहन निर्माणी अवडीच्या ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’कडे, ग्रे आयर्न फाउंड्री नागपूरच्या ‘यंत्र इंडिया’कडे, तर लगतच्या खमरिया येथील आयुध निर्माणी पुण्याच्या ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेली. एकाच परिसरातील कारखान्यांची मुख्यालये अशा रीतीने तीन वेगळ्या शहरांत आली. अशा दूरच्या पत्रव्यवहाराचा मोठा भार आज ईमेलवर आहे.

हा विषय केवळ कार्यालयापुरता मर्यादित नाही. रांझीसारख्या कामगार वस्तीत निवृत्तिवेतनावर चालणारी अनेक घरे असतात. संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून दिले जाते. निवृत्तांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’द्वारे तो घरबसल्याही देता येतो. मात्र दाखला वेळेत न पोहोचल्यास निवृत्तिवेतन थांबू शकते. त्याची आठवण करून देणारा संदेश सवलतींच्या जाहिरातींखाली गाडला गेला, तर त्याची किंमत साऱ्या कुटुंबाला मोजावी लागते.

साचलेल्या टपालाचा प्रश्न मराठी मुलखाला नवा नाही. १९८०च्या दशकात अहमदनगरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामकाज व अभिलेखांची जी घडी बसवली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत प्रचलित असलेली ‘सहा गठ्ठे पद्धत’ही अशीच उपयुक्त आहे. तीत कर्मचाऱ्याच्या मेजावरील प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात जातो. ईमेलसाठी ही विभागणी जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते.

पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा. ज्या पत्रांवर स्वतः काही करावयाचे आहे, तेवढीच पत्रे इनबॉक्समध्ये राहावीत. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. आपले उत्तर गेले आहे, पण समोरच्याचे आलेले नाही, अशा पत्रांना ‘प्रतीक्षा’ हे लेबल लावून आठवड्यातून एकदा त्यांचा आढावा घ्यावा. तिसरा नियतकालिकांचा. हयातीचा दाखला, विम्याचा हप्ता, आयकर विवरणपत्र अशा ठरावीक काळाने येणाऱ्या कामांची तारीख पत्र वाचताच दिनदर्शिकेत नोंदवावी. चौथा स्थायी आदेशांचा. निवृत्तिवेतन आदेश, नियम, परिपत्रके यांसारखे वारंवार लागणारे संदर्भ एका वेगळ्या लेबलखाली ठेवावेत. पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा. ईमेलमधील ‘अर्काइव्ह’ म्हणजे हाच अभिलेख कक्ष होय. तेथे गेलेले पत्र नष्ट होत नाही, केवळ नजरेआड होते आणि शोध घेताच सापडते. सहावा नाश करावयाच्या कागदांचा. कालबाह्य जाहिराती व सूचना तत्काळ काढून टाकाव्यात. जीमेलमध्ये अशी पत्रे कचरापेटीत ३० दिवस राहतात, त्यामुळे चुकून काढलेले पत्र परत मिळवता येते.

या विभागणीचे मर्म निर्णयात आहे. पत्र उघडावे, वाचावे आणि ‘नंतर पाहू’ म्हणून तसेच सोडावे, या सवयीने एकच पत्र चार वेळा वाचले जाते आणि काम मात्र होत नाही. अमेरिकी लेखक डेव्हिड ॲलन यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात यावर साधा नियम सांगितला : जे काम दोन मिनिटांत होण्यासारखे आहे, ते लगेच उरकावे. उरलेल्या कामांची वेळ ठरवावी. जीमेलमधील ‘स्नूझ’ या सोयीने पत्र नजरेआड करून ठरलेल्या दिवशी पुन्हा समोर आणता येते. दिवसभर प्रत्येक सूचनेच्या आवाजाला धावण्याऐवजी सकाळी, दुपारी व कार्यालय सुटण्यापूर्वी अशा ठरलेल्या वेळी टपाल पाहिल्यास हातातील कामात खंड पडत नाही.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी कळफलकाच्या आडवाटा वेळ वाचवतात. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘कीबोर्ड शॉर्टकट’ चालू करून कळफलक इंग्रजी मांडणीवर ठेवावा. त्यानंतर ‘सी’ने नवे पत्र सुरू होते, ‘जे’ व ‘के’ने एका पत्रावरून दुसऱ्यावर जाता येते, ‘ई’ने पत्र अभिलेखात जाते, ‘#’ने कचरापेटीत जाते, ‘आर’ने उत्तर, ‘ए’ने सर्वांना उत्तर आणि ‘एफ’ने पुढे पाठवणे साधते. ‘/’ने शोधाची चौकट उघडते, तर ‘?’ दाबताच सर्व आडवाटांची यादी समोर येते. ‘पाठवणे रद्द करा’ या सोयीची मुदत ५ ऐवजी ३० सेकंद ठेवल्यास चुकीच्या पत्त्यावर निघालेले पत्र थांबवण्यास थोडी उसंत मिळते.

आवक कमी करणे हेही तितकेच आवश्यक आहे. वारंवार येणाऱ्या पत्रांसाठी ‘फिल्टर’ लावल्यास ती आपोआप योग्य लेबलखाली जातात. ओळखीच्या कंपन्यांच्या जाहिराती ‘अनसबस्क्राइब’ करून बंद कराव्यात. अनोळखी पत्रातील तशा दुव्यावर मात्र क्लिक करू नये, कारण पत्ता वापरात असल्याची खात्री त्यातून पाठवणाऱ्यास मिळू शकते. असे पत्र ‘स्पॅम’ म्हणून नोंदवावे. आपल्या पत्रातही एका वेळी एकच विषय असावा आणि मथळ्यात काम व तारीख स्पष्ट असावी. ज्यांचा संबंध नाही त्यांना प्रती पाठवू नयेत. दुसऱ्याच्या इनबॉक्सची काळजी घेतली की आपल्याकडे येणारी खुलाशाची पत्रेही कमी होतात.

हजारो जुनी पत्रे आधीच साचली असतील, तर ती एकेक करून निपटण्याचा संकल्प सहसा तडीस जात नाही. एक महिन्यापेक्षा जुनी सर्व पत्रे एकदम अभिलेखात हलवावीत आणि शिस्त आजच्या पत्रापासून सुरू करावी. गूगल खात्याची १५ जीबी विनामूल्य जागा ईमेल, ड्राइव्ह व छायाचित्रे यांत मिळून वापरली जाते आणि ती भरल्यास नवी पत्रे येणे थांबू शकते. म्हणून मोठ्या जोडण्या असलेली निरुपयोगी पत्रे अधूनमधून काढावीत.

नीटनेटक्या इनबॉक्सचा आणखी एक लाभ सुरक्षेचा आहे. गर्दीत खोटे पत्र सहज खपून जाते, तर मोकळ्या इनबॉक्समध्ये ते चटकन खटकते. ‘आजच दाखला न दिल्यास निवृत्तिवेतन बंद’ अशी घाई करणाऱ्या पत्रातील दुवा न उघडता संबंधित संकेतस्थळ स्वतः टंकून उघडावे. पाठवणाऱ्याचे नुसते नाव न पाहता पूर्ण पत्ता तपासावा. ओटीपी किंवा पासवर्ड ईमेलने कोणासही कळवू नये. आर्थिक फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.