छोट्या गाडीचा ऑइल फिल्टर: कंपनीचा, लोकल की बरोबर?

छोट्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात ऑइल फिल्टरची ओळ सहसा सगळ्यांत किरकोळ असते. ऑल्टो, वॅगनआर किंवा पेट्रोल स्विफ्टचा फिल्टर कंपनीच्याच खोक्यातला घेतला, तरी तो दोनशे रुपयांच्या आतबाहेर पडतो. त्याच बिलात तीन लिटरच्या आगेमागे लागणारं इंजिन ऑइल याच्या कितीतरी पट असतं, वर मजुरी असते आणि ‘इंजिन फ्लश’सारख्या न मागितलेल्या ओळीही असतात. तरी घासाघीस होते ती फिल्टरवर. एक म्हणतो, कंपनीचाच हवा, नाहीतर वॉरंटी गेली. दुसरा म्हणतो, डबा तो डबा, आटे बसले की झालं. दोघंही चुकतात, कारण एक खोक्यावरचं नाव बघतो आणि दुसरा बाहेरचा पत्रा. फिल्टर स्वस्तात मिळतो आणि चांगलाही मिळतो. फक्त त्याचा पार्ट नंबर आणि तो कुठून आला, एवढं पाहावं लागतं.

‘आटे बसले की झालं’ हा समज आधी घेऊ, कारण नुकसान यानेच जास्त होतं. फिल्टर उलटा करून पाहिला तर मधोमध आट्यांचं मोठं भोक आणि त्याभोवती बारीक भोकांचं कडं दिसतं. घाण ऑइल कडेच्या भोकांतून आत जातं, चुण्या घातलेल्या कागदातून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनात परततं. कडेच्या भोकांच्या आड रबराची एक पातळ झडप असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल मागे ओघळू नये, हे तिचं काम. फिल्टर आडवा किंवा तिरका बसवलेला असेल आणि ही झडप निकामी असेल, तर सकाळी गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. तेवढा वेळ वरचे भाग ऑइलची वाट पाहत कोरडे फिरत असतात. दुसरी झडप बायपासची. कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल दाट झालं की ती उघडते आणि न गाळलेलं का होईना, ऑइल पुढे सोडते. ती किती दाबाला उघडावी, हे इंजिनाप्रमाणे ठरतं आणि बाहेरून ते कुणालाच दिसत नाही. आट्यांचंही तसंच. अनेक जपानी आणि कोरियन गाड्यांना २० मिलिमीटर व्यासाचे आटे असतात, तर टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांना पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे. वीसचा फिल्टर एकोणिसाच्या नळीवर चढतो, हाताला घट्टही लागतो, पण धरलेला असतो आट्यांच्या टोकांवर. बरं, बॉनेटवरच्या नावावरूनही अंदाज बांधता येत नाही. टोयोटाची ग्लान्झा ही मुळात सुझुकीची बलेनो, तेव्हा तिला फिल्टर लागतो तो सुझुकीचा.

वॉरंटीची भीती बरीचशी ऐकीव आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची बाजारपेठ गाडी कंपन्या आपल्यापुरती बांधून ठेवतात, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे २०११ मध्ये झाली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, तो वेगळा विषय. पण सरसकट रद्द होणं वेगळं आणि चुकीच्या भागामुळे झालेल्या बिघाडाचा खर्च नाकारणं वेगळं. भलता फिल्टर लावून इंजिन जाम झालं तर कंपनी हात वर करणारच, आणि तिथे तिचं चूक म्हणता येणार नाही. म्हणून वॉरंटी चालू असेपर्यंत शंभर रुपयांसाठी वाद ओढवून घेण्यात फारसा अर्थ नाही. ती संपली की प्रश्न खऱ्या अर्थाने खुला होतो.

तेव्हा उपयोगी पडते ती एक साधी गोष्ट: गाड्या बनवणाऱ्या कंपन्या फिल्टर सहसा स्वतः बनवत नाहीत. माहले, मान, बॉश, फरिदाबादची एलोफिक अशा कंपन्यांचा हा धंदा आहे. त्या गाडी कंपन्यांनाही माल पुरवतात आणि आपल्या नावाच्या खोक्यातही विकतात. गॅरेजात ज्याला ‘लोकल’ म्हणून नाक मुरडतात त्यात हा माल येतो, आणि पुठ्ठ्याच्या चुण्या भरलेला निनावी डबाही येतो. या दोहोंना एका पारड्यात तोलणं हीच गडबड आहे. यावर कुणी म्हणेल, पुरवठादाराच्या खोक्यातला माल कंपनीला जाणाऱ्या मालासारखाच असेल कशावरून? शंका रास्त आहे. म्हणूनच नुसत्या ब्रँडवर न जाता, त्या ब्रँडच्या कॅटलॉगमध्ये आपल्या गाडीचं मॉडेल, इंजिन आणि वर्ष यांपुढे दिलेला नंबर जुळतो का ते पाहावं. पेट्रोल स्विफ्टला आख्खा डबा बदलतात, तर १.३ लिटरच्या डिझेल स्विफ्टला नुसता कागदी गाभा आणि रबरी रिंग. ‘स्विफ्टचा फिल्टर द्या’ एवढ्याने भागत नाही.

नकली मालाबद्दलचा समज तर उलटाच आहे. लोक अनोळखी नावाला घाबरतात, पण नक्कल होते ती खपणाऱ्या नावाची. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअरपार्टच्या दुकानांची रांग आहे. तिथल्या रीतसर दुकानात बिल मागितलं तर मिळतं. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. छपाई पुसट असेल, किंमत एमआरपीच्या निम्म्यावर येत असेल आणि बिलाचं नाव काढताच दुकानदार कां-कूं करत असेल, तर तिथून निघावं.

महागडा फिल्टर जास्त गाळतो, हेही तितकंसं खरं नाही. जाहिरातीत ‘२० मायक्रॉन’ लिहितात, पण त्या आकाराचे कण तो निम्मेच अडवतो की शंभरातले नव्याण्णव, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा वर्षभराने बदलणाऱ्या छोट्या गाडीला नेमून दिलेला साधा फिल्टर पुरतो. मात्र तो दर वेळी बदलायला हवा. ‘एकाआड एक चालतो’ म्हणणारे विसरतात, की जुन्या डब्यात दीड-दोनशे मिली काळं ऑइल तसंच राहतं आणि नव्यात मिसळतं. एअर फिल्टरला हवा मारतात तशी याला मारून किंवा डिझेलमध्ये बुडवून कागद साफ होत नाही. झालाच तर फाटतो. ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो, काही झालं नाही’ या युक्तिवादात खोट एवढीच, की बेअरिंगची झीज दिसत नाही. ती लाखभर किलोमीटरनंतर कळते, आणि तेव्हा फिल्टरची आठवण कुणालाच राहत नाही.

बसवताना पाना लावून आवळण्याचीही गरज नसते. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली नाही ना, हे आधी बोट फिरवून पाहावं. दोन रिंगा एकावर एक आल्या तर ऑइल चिळकांडीसारखं बाहेर येतं. नव्या रिंगेला चांगल्या ऑइलचं बोट लावावं, रिंग टेकेपर्यंत फिरवावं आणि मग हातानेच साधारण पाऊण फेरा. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिककडून जुना फिल्टर आणि नव्याचं रिकामं खोकं दोन्ही मागून घ्या. खोक्यावरचा नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवा, बिल जपा. माल नकली निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.