गंजाचा भूगोल

डेट्रॉईट शहराच्या खाली सुमारे १,२०० फूट खोलीवर मिठाची खाण आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती खणायला घेतली. आज तिथून निघणारं मीठ हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर पडतं. ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या, त्याच्याच पोटात मोटारी खाणारा पदार्थ भरलेला आहे! दहावीच्या वर्गाला भूगोल शिकवत होते तेव्हा हे माहीत असतं, तर खनिजांचा धडा मुलं झोपेतसुद्धा विसरली नसती.

दिवाळी अंकात गंजावर लेख कशाला, असं वाटेल. पण आपल्या मंडळात दोन-चार घरं तरी अशी आहेत जिथे चाळिशीला आलेल्या नवऱ्याला अचानक जुनी अमेरिकन गाडी हवी झाली आहे. आमच्याकडे ती १९६७ ची मस्टँग होती. दोन वर्षं बाजूला टाकलेले पंधरा हजार डॉलर होते, त्यावर माझाही हक्क होता आणि मागच्या सीटवर आमची लेक बसणार होती. त्यामुळे "तुझा छंद, तू बघ" असं म्हणून मला मोकळं होता येईना.

गंज चढायला लोखंड, पाणी आणि हवा एवढंच लागतं. मीठ त्यात मिसळलं की पाण्यातून विद्युतभार सहज वाहू लागतो आणि तेच काम कितीतरी झपाट्याने होतं. हल्ली साध्या मिठाबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराईडचं द्रावणही फवारतात. ही क्षारं हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून रस्ता कोरडा दिसला तरी गाडीच्या सांधेकोपऱ्यांत ओल टिकून राहते. आजच्या गाड्यांच्या पत्र्याला बहुधा जस्ताचा थर असतो. साठच्या दशकात बहुतेक पत्र्याला तो नसे. शिवाय मस्टँगला वेगळी चासी नाही. खालचा पत्रा, त्याचे कोनाडे आणि पेट्या हाच तिचा सांगाडा. तो सडला की गाडी नुसती कुरूप होत नाही, धोक्याची होते.

याउलट ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्नियाचा आतला भाग कोरडा. तिथे पत्रा पन्नास वर्षं टिकतो, पण ऊन बाकी सगळं खातं. डॅशबोर्डला भेगा पडतात, सीटचं कापड हातात चुरतं, दारांची रबरं पापडासारखी मोडतात. फ्लोरिडा आणि टेक्सासच्या किनाऱ्यावर रस्त्यावर मीठ नसलं तरी हवेत असतं. तिथला गंज वरूनही लागतो: छताच्या कडा, काचांच्या खाचा, डिकीचं झाकण. वर चक्रीवादळात बुडालेल्या गाडीची भीती. ओरेगॉनकडे पाऊस भरपूर, पण रस्त्यावर मीठ फारसं टाकत नाहीत. तिथे साचलेल्या पानापाचोळ्याखाली पत्रा कुजतो. एकच गाडी चार हवामानांत चार प्रकारे म्हातारी होते.

हे सगळं मी पुस्तकी भाषेत सांगत होते, तेव्हा माझे सासरे हसले. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. बरीच वर्षं रत्नागिरीत, मधली काही सोलापूरला. गेल्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे होते. म्हणाले, "अगं, हे आम्हाला बदलीवर कळलं. रत्नागिरीत पत्रा बदलून बदलून हात दुखायचे. सोलापुरात पत्रा खणखणीत, पण रेक्झिन फाटून कापूस बाहेर!" तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि खारा वारा एकीकडे, कोरडं ऊन दुसरीकडे. माझा तक्ता त्यांच्या हातांना केव्हाच पाठ होता.

पहिली गाडी बघायला आम्ही ओहायोत गेलो. लालभडक, आरशासारखी चमकणारी. नवऱ्याचा चेहरा बघूनच विक्रेत्याने किंमत मनात पक्की केली असावी. बाबांनी मात्र रंगाकडे पाहिलंही नाही. आमच्या फ्रिजवरचा लोहचुंबक त्यांनी खिशात आणला होता. तो रुमालात गुंडाळून, रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून, ते मागच्या चाकाच्या कमानीवरून फिरवू लागले. एका जागी तो धरेना. बोटाने टकटक केलं तर आवाज बद्द. मला मराठीत हळूच म्हणाले, "हा पत्रा नाही, लांबी आहे. बोटभर जाडीची."

मग गाडीखाली. सगळीकडे ताजा, काळा, डांबरासारखा लेप होता. विक्रेता म्हणाला, गंज लागू नये म्हणून मुद्दाम लावलाय. असेलही. पण विकायच्या आधी महिनाभर लावलेला लेप मला तरी नव्या साडीखालच्या फाटक्या परकरासारखा वाटतो. परवानगी मागून पायाखालचा गालिचा उचलला. खाली जुन्या पत्र्यावर नवा तुकडा नुसता ठेवून कडेने चिकटवला होता. वेल्डिंग नावाला.

शेवटची परीक्षा पाण्याची. या गाडीत पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवा आत घ्यायची जाळी असते. तिच्याखालचा पत्र्याचा पन्हळ पानांनी तुंबतो, ओला राहतो आणि आतून सडतो. बाहेरून काही दिसत नाही. जाळीवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि डॅशबोर्डखाली विजेरी मारून बघायचं. आम्ही तसं करू का विचारलं तेव्हा विक्रेत्याला अचानक दुसरं गिऱ्हाईक आठवलं. उत्तर मिळालंच.

परतीच्या वाटेवर नवरा गप्प होता. टोलेडो ओलांडल्यावर एवढंच म्हणाला, "बाबा, पण दिसायला छान होती हो." बाबा म्हणाले, "दिसायला असतेच रे."

त्यानंतर आम्ही शोध नैर्ऋत्येकडे वळवला. इथे एक सावधगिरी. "कॅलिफोर्नियाची गाडी" हे शब्द जाहिरातीत फार स्वस्त झालेत. मस्टँगच्या क्रमांकातलं दुसरं अक्षर कारखाना सांगतं: 'एफ' म्हणजे डिअरबॉर्न, 'आर' म्हणजे सॅन होजे, 'टी' म्हणजे न्यू जर्सीतलं मेटचेन. पण त्यातून फक्त जन्मगाव कळतं. सॅन होजेला जन्मून चाळीस हिवाळे क्लीव्हलंडला काढलेली गाडीही 'आर'च असते. काळ्यावर पिवळ्या अक्षरांची साठच्या दशकातली कॅलिफोर्नियाची पाटी चांगली खूण होती, पण २०१५ पासून त्या राज्याने तशाच रूपाच्या नव्या पाट्या द्यायला सुरुवात केली. सतरा अक्षरांचे क्रमांक १९८१ मध्ये आले, त्यामुळे त्याआधीच्या गाडीचा इतिहास संगणकावर क्रमांक टाकून मिळत नाही. जुन्या पावत्या, नोंदणीचे कागद, सर्व्हिसच्या चिठ्ठ्या मागायच्या. आणि गाडी कुठे राहिली ते शहराच्या नावासकट विचारायचं. कॅलिफोर्निया म्हटलं तरी समुद्राच्या धुक्यातलं घर वेगळं आणि फ्रेझ्नो वेगळं.

अखेर टूसॉनला एक सापडली. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तिथल्याच एका तपासनिसाला पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवायला लावली. फोटो आले तेव्हा नवऱ्याचा चेहरा उतरला. रंग खडूसारखा उडालेला, डॅशबोर्ड दुष्काळातल्या शेतासारखा, सीट म्हणजे नुसत्या स्प्रिंगा. पण खालच्या फोटोत पत्रा मूळचा, कडा सरळ, पन्हळ कोरडा. बाबा फोटो मोठे करकरून पाहत होते. "हीच घ्या."

हिशेब सरळ होता. रबरं, सीटची कव्हरं, डॅशबोर्ड सगळं या गाडीसाठी अजून नवं बनतं, कॅटलॉगमधून मागवता येतं आणि बरंचसं घरी बसवता येतं. सडलेला सांगाडा कापून जोडणं हे तासावर मजुरी घेणाऱ्या कारागिराचं काम, आणि एक तुकडा उघडला की शेजारचे दोन सडलेले निघतात. ओहायोची गाडी मागत होता त्यापेक्षा ही तीन हजारांनी स्वस्त पडली, ट्रकवरून आणायचा खर्च धरून. सीटची कव्हरं मी शिवणाच्या दोऱ्यासकट स्वतः बसवली. लेकीने त्यावर पहिल्याच दिवशी चिवडा सांडला.

आता ती मिशिगनमध्ये आहे, म्हणजे मिठाच्या दारात. पहिलं मीठ पडलं की ती गॅरेजमध्ये जाते आणि वसंतात दोन-तीन दणदणीत पाऊस होऊन रस्ते धुतले जाईपर्यंत बाहेर येत नाही. प्लास्टिकचं आवरण घालत नाही, आत दमट होतं. हवा खेळणारं कापडी घालतो.

तुमच्या रोजच्या कॅम्रीला-ओडिसीलाही यातलं काही लागू आहे. बर्फाने माखलेली गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवली की तिला बरं वाटतं, असा आपला समज. प्रत्यक्षात बाहेरच्या कडक थंडीत गंजाचं काम मंदावतं. आत आणलं की बर्फ वितळतो, खारं पाणी सांध्यांत शिरतं आणि ऊब मिळताच कामाला लागतं. म्हणून पारा गोठणबिंदूच्या वर जाईल त्या दिवशी गाडीचा खालचा भाग धुऊन घ्या. वरून चकचकीत करण्यापेक्षा ते गरजेचं. आणि भारतातून नव्याने आलेलं कोणी इथली सात-आठ वर्षं जुनी गाडी घेत असेल, तर ब्रेकच्या तेलाच्या नळ्या तपासायला सांगा. त्या लोखंडाच्याच असतात आणि खालीच असतात.

फ्रिजवरचा तो चुंबक अजून रुमालात गुंडाळलेला आहे. कोणी गाडी बघायला निघालं असेल तर आमच्याकडून घेऊन जा. बाबा पुढच्या जूनमध्ये पुन्हा येणार आहेत. तोवर थांबायची तयारी असेल तर तेही बरोबर येतील.